अराकूची कॉफी आणि आमची द्राक्षाची पट्टी

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या दुकानातून अराकूच्या कॉफीचं पाव किलोचं पाकीट आणलं. ४८० रुपये. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात महिन्याचा चहा होतो." बरोबरच आहे. पण पाकिटावर लिहिलं होतं, "लहान शेतकऱ्यांना प्रशिक्षण आणि योग्य भाव", आणि आमची दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. असलं काही वाचलं की माझा हात आपोआप पिशवीत जातो.

आधी चव. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी) अजिबात नाही, त्यामुळे दुधात रंग फिका पडतो आणि पहिल्या घोटाला वाटतं, पावडर कमी पडली. कोरी प्यायली तर मजा आहे. आधी किंचित आंबूस, मग जिभेवर गुळाची चव रेंगाळते. साखर निम्मीच लागली. सासूबाईंचं मत वेगळं: "चिंचोके भाजल्यासारखा वास येतोय." कप मात्र त्यांनी रिकामा केला. भाजल्याची तारीख पाकिटावर होती, अकरा दिवसांपूर्वीची. हे आवडलं. दळण मात्र चुकलं. स्टीलचा फिल्टर आहे असं दोनदा सांगूनही जाड दळून दिलं, पाणी दोन मिनिटांत खाली. परत गेले तर काचकूच न करता पुन्हा शंभर ग्रॅम बारीक दळून दिली.

काउंटरवरचा मुलगा मात्र हुशार, सगळी माहिती त्यानेच दिली. अराकू खोरं आंध्रात, पूर्व घाटात. तिथले बहुतेक कॉफीवाले आदिवासी, तुकड्या-तुकड्यांची जमीन. २०१९ मध्ये तिथल्या अरेबिकाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. झाडं सिल्व्हर ओकच्या सावलीत (आपल्याला त्या नावाने मुंबईतला बंगलाच आठवतो), आणि त्याच ओकवर मिरीचे वेल चढवलेले. सावली नुसती गारव्याला नाही, उघड्या उन्हातल्या अरेबिकाला खोडकिडा जास्त धरतो.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, हे मी खोदून विचारलं. फक्त लाल फळ तोडायचं, हिरवं झाडावर ठेवायचं, म्हणजे एकाच झाडाकडे तीन-चार वेळा जायचं. तोडलेलं त्याच दिवशी सोलायचं, नाहीतर आंबतं. वाळवायचं जमिनीवर नाही, जाळीच्या उंच मांडवावर. पानांवर तांबेरा येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुना. मी हसलेच. हे तर बोर्डो मिश्रण! आमच्याकडे द्राक्षावरच्या डाऊनी बुरशीला हेच मारतात, पंप धुता धुता यांचे हात निळे होतात. अठरा ब्रिक्स (गोडीचं माप) भरल्याशिवाय घड तोडायचा नाही, हेही आम्ही असंच शिकलो. शिकवणारा बांधावर आला तर शेतकरी शिकतो. पण चार फेऱ्यांची मजुरी कोण देणार? भाव वाढवून मिळाला नाही तर माणूस पुढच्या वर्षी हिरवं-लाल एकदमच ओरबाडतो. आम्हीही तेच केलं असतं.

म्हणून मी भावाचा आकडा विचारला. साधारण सहा किलो ओल्या फळांतून एक किलो कॉफीबी निघते, भाजताना ती आणखी घटते. म्हणजे माझ्या पाव किलोमागे पावणेदोन किलो फळं. त्यांचे शेतकऱ्याला किती मिळाले? मुलगा म्हणाला, "काकू, फेअर प्राइस देतात." अहो, फेअर म्हणजे किती?

फेअरट्रेडवाले, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाला किमान भावाची हमी देणारा शिक्का, निदान आकडा छापतात. गर काढून धुतलेल्या अरेबिकाला २०२३ पासून पौंडाला किमान १.८० डॉलर, वर २० सेंट गावाच्या कामांना. म्हणजे किमान भाव किलोला चार डॉलर धरा. तोही निर्यातीचा भाव, शेतकऱ्याच्या हातातला नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली होती, तेव्हा असल्या हमीची कुणाला गरज नव्हती. २००१ मध्ये ५० सेंटच्याही खाली आली होती, हमी लागते ती तेव्हा. लासलगावचा कांदा बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी माल भरून गेला, पट्टी (मालाच्या हिशेबाचा कागद) हातात, पैसे नाहीत. तोही बांधावर उभा राहून "ताई, भाव एकदम योग्य लावतो" असंच म्हणाला होता. तेव्हापासून "योग्य" हा शब्द मला पुरत नाही.

तर पाचपैकी चवीला चार, दळणाला दोन, पाकिटावरच्या मजकुराला अडीच. पाकिटावर डोंगराचा आणि हसऱ्या बाईचा फोटो आहे, तिथे फळाचा किलोचा भाव छापायला दोन बोटं जागा सहज निघेल. मुलगा म्हणाला, "विचारून सांगतो." माझा नंबर देऊन आले. तीन आठवडे झाले, फोन नाही. पाकीट संपत आलंय. या वेळी बीच आणणार आहे, दळण घरीच करीन, आणि आकडा पुन्हा विचारीन.