ईएसआय की कंपनीचा मेडिक्लेम?

चाकणच्या कारखान्यात महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर निवड आपल्या हाती नसतेच, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा लागू होतो. त्यापुढे गेलात की ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीनं कामगारांसाठी घेतलेला आरोग्य विमा. बढतीचे पेढे वाटताना हा बदल कुणाच्या लक्षात येत नाही.

२०,००० पगारावर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १५० रुपये कापले जातात, मालक ३.२५ टक्क्यांनी ६५० भरतो. त्यात ओपीडी, औषधं, ऑपरेशन आलंच, अवलंबून असलेले आईवडीलही आले. पण माझ्या मते खरी किंमत वेगळ्याच गोष्टीची आहे: ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. प्रेस मशीनमध्ये बोट गेलं तर अपंगत्वाचा लाभ, आणि तिथे ७८ दिवसांची अटही नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतो. त्या महिन्याचं खोलीभाडं नाही.

मेडिक्लेमची बाजू एकच, पण भक्कम. कार्ड दाखवून जवळच्या खासगी रुग्णालयात कॅशलेस भरती होता येतं. ईएसआय दवाखान्याची रांग ज्यानं रात्रपाळी करून धरली आहे, त्याला हे सांगायला नको! नोकरी सुटली की मात्र ते कार्ड बाद. ईएसआयचा लाभ भरलेल्या वर्गणीच्या हिशेबानं काही महिने तरी पुढे चालतो.