गाडीचा अलार्म उगाच वाजतोय: घरी शोधायचं, इलेक्ट्रिशियन गाठायचा की सर्व्हिस सेंटर?

लॉक केलेली गाडी मध्येच एकदा ‘टूँक’ करते. धड बोंब नाही, धड शांतता नाही. खाली जाऊन बघावं तर दारं बंद, काचा वर, आसपास चिटपाखरू नाही. पाठ फिरवली की पुन्हा ‘टूँक’. चार रात्री असं झालं आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडायला लागल्या की माणूस तीनपैकी एक काहीतरी ठरवतो: स्वतः खटपट करू, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवू, नाहीतर सरळ सर्व्हिस सेंटरला टाकू. चौथी वाट रागाच्या भरात सुचते, फ्यूज उपटायची. तिच्याकडे शेवटी येतो.

मी एकाच गाडीसाठी या तिन्ही वाटा चाललोय, आणि नेमक्या उलट्या क्रमाने. आधी सर्व्हिस सेंटर. तिथे गाडी दोन दिवस राहिली आणि एकदाही वाजली नाही. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन घरी आणली, त्याच रात्री वाजली. मागाहून लक्षात आलं की वर्कशॉपमध्ये गाडी कधी लॉकच झाली नव्हती. चावी आत, बॉनेट उघडं. अलार्म लागलाच नाही तर वाजणार कुठून?

आधी अलार्म कुणाचा ते बघा

गाडीत वाजणारी प्रत्येक गोष्ट अलार्म नसते. डॅशबोर्डच्या आतून येणारी बारीक पिकपिक बहुतेकदा चावी आत राहिल्याची, दिवे चालू राहिल्याची किंवा स्मार्ट चावीचा सेल उतरल्याची असते. अलार्मचा आवाज हॉर्नमधून किंवा इंजिनाजवळच्या सायरनमधून येतो. एकदा बाहेर उभं राहून कान देऊन ऐका, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. अलार्म कंपनीतून आलेला आहे की नंतर बाहेरून बसवून घेतलेला? कंपनीच्या अलार्मचं डोकं बहुधा गाडीच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे दारं, दिवे, लॉक सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये असतं. दारं, डिकी, बॉनेट यांचे स्विच आणि सेंट्रल लॉकिंग सगळं त्याच एका पेटीला जोडलेलं. बाहेरच्या अलार्मची पेटी वेगळी, डॅशबोर्डखाली कुठेतरी दडवलेली. सोबत वेगळा रिमोट, वेगळा सायरन आणि जवळजवळ नेहमीच एक शॉक सेन्सर, म्हणजे गाडीला बसलेला धक्का ओळखणारा भाग. कंपनीच्या अलार्मला सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या मॉड्यूलमधली माहिती वाचणारं यंत्र, लागू शकतो. बाहेरच्या अलार्मला तो स्कॅनर ओळखतही नाही, त्यामुळे ती गाडी तिथे नेणं म्हणजे वेळ घालवणं.

घरी: हातात फक्त मल्टीमीटर आणि वही

वहीबद्दल लोक हसतात, पण या कामात ती मल्टीमीटरपेक्षा उपयोगी पडते. अलार्म किती वाजता वाजला, पाऊस होता का, जवळून जड ट्रक गेला का, गाडी किती दिवस उभी होती, एवढंच टिपायचं. पाच-सहा नोंदी झाल्या की दोष स्वतःच बोलायला लागतो. पहाटे, थंडीत किंवा गाडी दोन-तीन दिवस हलली नाही की वाजतो? बॅटरीवर संशय. पावसात किंवा गाडी धुतल्यावर? बॉनेटचा स्विच, नाहीतर कुठल्यातरी प्लगमध्ये पाणी. ट्रक, फटाके, मेघगर्जना? शॉक सेन्सर. काच बोटभर खाली राहिली किंवा आरशाला काहीतरी लटकतंय? आतल्या हालचालीचा सेन्सर. हा सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्‌झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरीत फरक पडला की ओरडतो. त्याला चोर आणि आत अडकलेली माशी यातला भेद नीट कळत नाही. बऱ्याच गाड्यांत तो बंद करायला बटण किंवा मेन्यू असतो. एक रात्र बंद ठेवून बघा, निकाल सकाळी मिळतो.

बॅटरी मोजताना एक चूक सगळे करतात. गाडी फिरवून आणली, लगेच मीटर लावला, १२.८ व्होल्ट दिसले, बॅटरी उत्तम असं ठरवलं. तो वरवरचा चार्ज असतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि मग मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर उभ्या गाडीतला चांगला आकडा फसवा आहे. व्होल्टेज घसरलं की मॉड्यूलला वाटतं कुणीतरी वायर कापतंय, आणि ते बोंब मारतं. त्याच्या जागी तुम्हीही मारली असती. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी ती साफ करा आणि क्लॅम्प हाताने हलतोय का बघा.

रिमोटचा सेल उतरला म्हणून सायरन सहसा वाजत नाही. मात्र रिमोटचं पॅनिक बटण आत दबून अडकलं असेल किंवा खिशात चाव्यांच्या जुडग्यात दाबलं जात असेल तर वाजतो. दोन्ही रिमोटचे सेल एक रात्र काढून ठेवा. हे बटणासारखे सेल असतात, बरेचदा सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे आणि ३.२ मिलिमीटर जाडीचे. सेल काढूनही गाडी वाजली तर रिमोट निर्दोष.

आता माझा लाडका गुन्हेगार, बॉनेटचा स्विच. इंजिनाच्या उष्णतेत, धुळीत, पाण्यात वर्षानुवर्षं राहणारा हा अंगठ्याएवढा भाग. बॉनेट बंद झालं की त्याची पिन दाबली जाते आणि मॉड्यूलला कळतं, बंद आहे. पिनवर चिखल बसतो, आतल्या पत्र्याला गंज चढतो, आणि संपर्क कधी लागतो, कधी सुटतो. तो शोधायची माझी रीत अशी: स्विचचा प्लग काढायचा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी लागली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवायचा, पिन बोटाने हळूहळू दाबायची आणि तशीच हळूहळू सोडायची. दाबल्यावर बीप वाजते की सोडल्यावर, हे गाडीगणिक वेगळं असतं, त्याची फिकीर नको. बघायचं ते एवढंच की बीप एका ठरावीक जागी स्वच्छ सुरू होते का. मध्येच कुरकुरली, तुटली, पुन्हा लागली, तर स्विच गेला. एकाच वायरचा स्विच असेल तर मीटरची दुसरी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावा.

स्विच चांगला निघाला तरी प्रकरण संपत नाही. पिनच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा छोटा गोळा ठेवा, बॉनेट नेहमीसारखं बंद करा आणि उघडून बघा. गोळा सपाट झाला असेल तर ठीक. जेमतेम चेपला असेल तर बॉनेट पिनला पुरेसं दाबतच नाही. बऱ्याच गाड्यांत बॉनेटच्या कडेला आटे असलेली रबरं असतात, ती फिरवून बॉनेटची बसण्याची उंची बदलता येते. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. आधी कधीतरी बॉनेटचं काम झालं होतं, रबरं जरा जास्त वर राहिली होती, आणि रात्री पत्रा गार होऊन आकसला की पिन केसभर सुटत होती.

घरच्या वाटेची मर्यादाही सांगतो. प्लग नुसता काढून ‘बघू वाजतो का’ हा प्रयोग फसतो, कारण काही गाड्यांत काढलेला प्लग म्हणजे उघडं बॉनेट, आणि मग अलार्म नीट लागतच नाही. स्टिअरिंगखाली किंवा सीटखाली पिवळे प्लग दिसले तर हात मागे घ्या, ते सहसा एअरबॅगचे असतात. आणि दारांचे स्विच हल्ली लॉकच्या आतच असतात. तिथवर जायला दाराचा पॅड काढावा लागतो. माझी घरची खटपट तिथे थांबते.

इलेक्ट्रिशियन

बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर दुसरा विचार करू नका, इथेच या. या अलार्मच्या जोडण्या बरेचदा वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून केलेल्या असतात. काही वर्षांत टेपचा गोंद वितळतो आणि आतली तार काळी पडते. शॉक सेन्सरची कथा तर निराळीच. त्यावर संवेदनशीलता ठरवणारा छोटा स्क्रू असतो, आणि बसवणाऱ्याने तो उत्साहाने पार टोकाला फिरवलेला असतो. यातल्या बऱ्याच सेन्सरना दोन पायऱ्या असतात. हलका धक्का लागला तर इशाऱ्याची टूँक, जोराचा लागला तर पूर्ण सायरन. तुमची गाडी फक्त टूँक करत असेल तर पहिली पायरी अती नाजूक ठेवलेली आहे, किंवा सेन्सर चिकटपट्टीतून सुटून डॅशबोर्डखाली लोंबकळतोय. दोन्हीचा इलाज दहा मिनिटांचा.

चांगला इलेक्ट्रिशियन ओळखायची माझी खूण म्हणजे तो घाई करत नाही. उभ्या गाडीत बॅटरीतली वीज कुठे जाते हे बघायला तो मीटर बॅटरीच्या वायरमध्ये ओळीत जोडतो. पण गाडी लॉक केल्यावर सगळी मॉड्यूल झोपायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. झोपलेल्या गाडीचा करंट सर्वसाधारणपणे ५० मिलिॲम्पिअरच्या आत असायला हवा. लॉक करून दोन मिनिटांत मीटर बघून ‘भरपूर लीकेज (विजेची गळती) आहे, अलार्मची पेटी बदला’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. तसंच नव्या गाडीच्या वायरीत जुना बल्बवाला टेस्टर खुपसणाऱ्यापासूनही लांब राहा. त्या बल्बला लागणारा करंट मॉड्यूलच्या नाजूक सर्किटला झेपेलच असं नाही.

सर्व्हिस सेंटर

इथली खरी ताकद स्कॅनर. बाजारात मिळणारा छोटा कोड रीडर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, या कामाचा नाही. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमागचं ओबीडी-२ मानक, जे अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना सक्तीचं झालं, ते धुराच्या प्रदूषणावर लक्ष ठेवायला आलं. स्वस्त रीडर त्यामुळे इंजिनाचे कोड वाचतो, बॉडी मॉड्यूलचे बहुधा नाही. सेंटरचा स्कॅनर दार उघडं-बंद, बॉनेट उघडं-बंद हे समोर लाइव्ह दाखवतो. काही गाड्यांत तर शेवटच्या काही वेळा अलार्म कशामुळे वाजला याची नोंदच साठवलेली असते. ती मागून घ्या. स्पष्ट मागितली नाही तर नुसते कोड पुसून गाडी परत देतात, आणि कोडाबरोबर पुरावाही जातो.

ज्या सायरनच्या पोटात स्वतःची बॅटरी असते तो शोधायलाही ही जागा बरी. चोराने गाडीची बॅटरी तोडली तरी ओरडता यावं म्हणून ती दिलेली. काही वर्षांनी हा आतला सेल गळतो, सर्किट खातो, आणि सायरन कुणी काही न करता अधूनमधून चिरकतो. गाडीची नवी बॅटरी टाकूनही आवाज चालू राहिला तर मी आधी याच्याकडे बघेन. हौशी लोक तो उघडून सेल बदलतात. मला त्यापेक्षा अख्खा सायरन बदलणं पटतं, कारण गळलेल्या बोर्डाचा भरवसा नसतो.

उणी बाजू म्हणजे इथे सुटा भाग बदलत नाहीत. पाच मिनिटांत साफ होणाऱ्या स्विचसाठी अख्खं लॉक बदललं जातं. आणि अधूनमधून येणारा दोष पकडायला लागणारा धीर तिथे कुणाकडे नसतो.

आणि ती चौथी वाट

फ्यूज काढणं सोपं वाटतं, म्हणून सावध. कंपनीच्या अलार्मचा फ्यूज बरेचदा हॉर्न किंवा सेंट्रल लॉकिंगबरोबर वाटून घेतलेला असतो. पोटात बॅटरी असलेला सायरन तर वीज तुटली म्हणूनच जोरात ओरडेल. बाहेरच्या अलार्ममध्ये स्टार्टरची वायर कापून मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घातलेला असू शकतो. फ्यूज काढला आणि गाडी सुरूच होईना, असं झालं तर नवल नाही. तो अलार्म काढायचाच असेल तर कापलेली मूळ वायर पुन्हा नीट सांधून घ्यायला हवी, आणि ते काम बसवणाऱ्याकडूनच करून घेतलेलं बरं. दोन-चार रात्री शांतता हवी असेल तर बाहेरच्या बऱ्याच अलार्मना व्हॅले मोड असतो. त्यात लॉक चालतं, सायरन गप्प राहतो. इमोबिलायझर ही वेगळी गोष्ट आहे. तो चावीतली चिप ओळखून इंजिन सुरू होऊ देतो, आवाज करत नाही. इमोबिलायझर कंपनीतूनच आलेला असेल तर अलार्म गप्प केला तरी तो आपलं काम करत राहतो. विम्याच्या कागदात अलार्मची अट आहे का तेवढं वाचून घ्या.

मला आज पुन्हा निवडायचं असेल तर आठवडाभर वही, एक सकाळ बॅटरी आणि बॉनेटच्या स्विचवर. तेवढ्यात सुटलं नाही आणि अलार्म बाहेरचा असेल तर इलेक्ट्रिशियन, कंपनीचा असेल तर वही हातात घेऊन सर्व्हिस सेंटर. गाडी तिथे सोडताना एकच सांगणं: रात्री बॉनेट लावून, चावी बाहेर ठेवून, रिमोटने लॉक करा. वॉचमनला त्रास होईल, होऊ द्या.

माझ्या गाडीची दोन्ही रबरं मी दीड-दीड फेरा खाली घेतली. बॉनेट बंद होताना आता आवाज थोडा जाड येतो.