गालातून सुई घेतली त्याले नऊ महिने झाले (ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं)

माझा उजवा गाल चार वर्षं करंट मारत होता. दात घासले की झटका, गाडीवर थंडी लागली की झटका, घोटभर पाणी प्यालं तरी झटका. तालुक्याच्या दातवाल्याने दोन दाढा काढल्या, दुखणं तिथंच. बाप्पा, दाढ चांगली असन तर काढू नका, आधी नसेच्या डॉक्टरले दाखवा.

कार्बामाझेपिनच्या गोळीने दीड-दोन वर्षं लय आराम दिला, मग डोस वाढत गेला अन् मी फवारणी करता करता धुऱ्यावर पडलो, तपासलं तर गोळीपायी रक्तातलं सोडियम कमी. नागपूरले एमआरआय केला त्यात रक्ताची नळी नसेले टेकलेली दिसली. डॉक्टर म्हणे खरा इलाज एमव्हीडी, कानामागून कवटी उघडून नळी अन् नस यांच्यात टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात, आराम जास्त वर्षं टिकतो. घरची म्हणे डोकं उघडू देत नाही. गॅमा नाइफचा (डोकं न उघडता नसेवर किरणं मारतात) गुण यायले आठवडे-महिने लागतात, इथं तर पाणी घशाखाली जात नव्हतं. म्हून आरएफ, म्हणजे सुईनं नस भाजणं.

तोंडाच्या कोपऱ्याजवळून सुई घालतात, एक्स-रेवर पाहत पाहत कवटीच्या बुडातल्या छिद्रातून नसेच्या गाठीपर्यंत नेतात. मधात उठवतात, बारीक करंट देऊन विचारतात मुंग्या कुठं येतात. तिथं नीट सांगा, घाबरून हो हो करू नका. मग परत झोपवून ७० डिग्रीच्या आसपास मिनिटभर नस भाजतात. दुसऱ्या दिवशी घरी.

झटके गेले. पण गाल मेला ना! दातवाल्याच्या इंजेक्शनसारखा, फक्त उतरतच नाही. जेवताना घास गालातच बसून राहते, बायको सांगते अहो भात लागला तोंडाले. चहाने ओठ भाजला तो दुसऱ्या दिवशी कळला. पहिले दोन महिने भाकर चावताना जबडा थकत होता, आता ठीक. डोळ्याचं बुबुळ बधिर होऊ शकते असं आधीच सांगितलं होतं, माझं वाचलं, तरी सोयाबीन काढताना थ्रेशरवर चष्मा लावतो.

गालाच्या या बधिरपणाचं कोणी नीट समजावून सांगितलं नाही, सही मात्र घेतली. तरी परत विचारलं तर सुईच घेईन.

नस परत जागी होऊ शकते, तवा सुई परत घेता येते म्हणतात. परवा न्हाव्याकडं दाढी करताना काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. वस्तरा असन. थंडी अजून पडायची आहे, दुपट्टा काढून ठेवला.