मुलांचं सायकल हेल्मेट आणि पॅड: एक पावसाळा आणि एक शिमगा वापरल्यावर

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी (वय सहा) आणि पुतण्या (वय आठ) यांच्यासाठी हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि कोपराचे पॅड असे दोन सेट ऑनलाइन मागवले. मधे रत्नागिरीचा अख्खा पावसाळा गेला, आता शिमगाही होऊन गेला, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण हुबेहूब असेच सेट वेगवेगळ्या नावांनी विकायला असतात. माझं मत विचाराल तर हेल्मेट चांगल्या गुणांनी पास, गुडघ्याचे पॅड काठावर पास, आणि कोपराचे पॅड दिवाळीपासून माळ्यावर.

हेल्मेट घेताना घरातून सूचना आली होती, "वाढत्या मापाचं घे, दोन वर्षं जाईल." गणवेशाला हे चालतं, हेल्मेटला नाही. सैल हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. भुवयांच्या जरा वरून टेपने घेर मोजायचा. मुलीचा ५१ सेंमी आला म्हणून ५० ते ५४ चं माप घेतलं. मागची चक्री फिरवून ते नीट बसलं. खोक्यावर ईएन १०७८ छापलंय का, एवढं मात्र बघाच. सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटचं हे युरोपीय मानक आहे. आपल्याकडचं आयएस ४१५१ मोटरसायकल-स्कूटरच्या हेल्मेटसाठी आहे. ते हेल्मेट सहा वर्षांच्या मानेला जड होतं, त्यामुळे दुकानदार "आयएसआय आहे, घ्या" म्हणाला तरी सायकलसाठी घेऊ नका.

मुलांना समजावणं हा खरा उद्योग. "डोकं फुटेल" असं म्हटलं की मुलगी हसायची. काम झालं ते माझ्या वडिलांमुळे. परड्यात नारळ सोलता सोलता त्यांनी तिला विचारलं, एवढ्या उंच माडावरून पडून नारळ फुटत का नाही? मग सोडण, म्हणजे नारळावरचं काथ्याचं जाड साल, हातात दिलं. हेल्मेटच्या आतला थर्माकोल म्हणजे सोडणच, मार स्वतः खातो आणि आतल्याला वाचवतो. हे तिला एका झटक्यात पटलं. त्यानंतर शेजारच्या पोरांना तीच शिकवत फिरते.

दुसरी गोष्ट, बक्कल तिचं तिला लावता आलं पाहिजे. या हेल्मेटचं बक्कल सुरुवातीला फार कडक होतं आणि हनुवटीखालची कातडी चिमटायचं. एकदा चिमटलं की मूल पुढचे आठ दिवस हेल्मेटला हात लावत नाही. बक्कलामागे कापडी पट्टी असलेलं बघून घ्या, आमच्याकडे ती सासूबाईंनी जुन्या साडीची शिवली. आता दोघं एकमेकांची तपासणी करतात: भुवईवर दोन बोटं, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट, मग मोठा "आ". आ केल्यावर हेल्मेट डोक्यावर दाबलं गेलं तरच सायकल सुटते.

कोकणातल्या पालकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. सायकलवरून उतरलं की हेल्मेट काढायचं. आमची पोरं सायकल टाकतात आणि थेट काजूवर नाहीतर रायवळ आंब्यावर चढतात. फांद्यांच्या बेचक्यात हेल्मेट अडकलं आणि खालून पाय सुटला, तर पट्ट्याने गळफास बसू शकतो. युरोपात याच कारणासाठी लहान मुलांचं वेगळं मानक आहे, ईएन १०८०, ज्यात ओढ बसली की पट्टा आपोआप सुटतो. आमच्या हेल्मेटला ती सोय नाही, म्हणून सायकल जिथे उभी तिथेच हँडलला हेल्मेट, हा नियम घरात सगळ्यात कडक आहे.

पुतण्या नोव्हेंबरात थिबा पॅलेसच्या बाजूच्या उतारावर खडीवरून घसरला आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यावर डोकं आपटलं. डोक्याला खरचटलंही नाही. गुडघ्याचा पॅड मात्र पडण्याआधीच पोटरीवर उतरला होता, त्यामुळे गुडघा चांगला सोलवटला. हेल्मेट बाहेरून ठीक दिसत होतं, पण आतलं अस्तर उचकटल्यावर थर्माकोल एका बाजूला दबलेला. "काही झालं नाही, वापरा," असा एका दुकानदाराचा सल्ला. दबलेला थर्माकोल परत फुगत नाही आणि दुसऱ्यांदा मार झेलत नाही. आम्ही ते कापून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कोणी उचलून घालायला नको. नवीन घ्यावं लागलं, हा खर्च धरूनच चाला.

ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेएकोणीस किमी गतीने आदळवतात. आपल्याकडच्या उतारांवर पोरांच्या सायकली याहून सहज जोरात सुटतात. म्हणून उतारावर सायकल हातात धरून चालत जायचं, हेल्मेट असलं तरी.

पॅडचं दुखणं वेल्क्रोचं. ओहोटीला भाट्याच्या कडक वाळूवर सायकल मस्त पळते, पण वेल्क्रोत वाळू बसली की पकड गेलीच. जुन्या टूथब्रशने घासून काढावी लागते. जुलैत आतल्या गाद्यांना बुरशी आली. त्या काढून साध्या साबणाने धुतल्या आणि पंख्याखाली वाळवल्या. हेल्मेट मात्र कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका आणि स्पिरिट, थिनरने पुसू नका, थर्माकोल खराब होतो. स्क्रूंना गंज चढलाय, खाऱ्या हवेत तो चढणारच.

चार वर्षांपर्यंतच्या मुलांना स्कूटरवर मागे बसवतानाही असं हेल्मेट कामी येतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि सेफ्टी हार्नेस सक्तीचं आहे, वेग ताशी ४० किमीच्या आत. नियमात सायकलचं हेल्मेटही धरलंय. धाकट्या भाच्यासाठी त्यामुळे लहान मापाचं आणखी एक आणलं.

पुढच्या वेळी सेट घेणार नाही. हेल्मेट सुटं घेईन, गुडघ्याला पायातून वर चढवायचे मोज्यासारखे पॅड, आणि कोपराऐवजी तळव्याला जाड पट्टी असलेले हातमोजे. पडताना मुलं आधी हातच टेकतात. मुलीच्या हेल्मेटची चक्री आता शेवटच्या खाचेवर आली आहे, त्यामुळे ही खरेदी मे महिन्यातच होईल असं दिसतंय.