बेअरिंगच्या पाठीवर माझाच आकडा

मे महिन्यातली दुपार. नागपुरात वर्धा रोडवर अजनी चौकात सिग्नलला थांबलो आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा, सोडला की परत लागायचा. इंजिन उघडून बांधल्याला जेमतेम अकराशे किलोमीटर झाले होते. पोटात गोळा आला.

व्हॅन बाबांची, २००८ ची मारुती ओम्नी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. कंपनीने २०१९ मध्ये ती बनवणं बंद केलं, पण सुटे भाग अजून मिळतात आणि रचना इतकी साधी की धीर असेल तर घरी उघडता येते. २०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. पण सकाळी सुरू केली की निळा धूर, आणि गरम झाल्यावर हाच दिवा कधीतरी लुकलुकायचा. बाबा तिच्यातून काटोलहून संत्री आणत आले, तेच आता विकून टाकू म्हणायला लागले. मी म्हटलं, थांबा, मी बांधतो.

दोन महिने तयारी केली. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील, गॅस्केट, क्लच प्लेट हे सगळं घरी बदलायचं. बाहेर फक्त मशीनचं काम: ब्लॉकचं बोरिंग म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरणं, क्रँकचं म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं ग्राइंडिंग, आणि हेडचं फेसिंग म्हणजे पृष्ठभाग सपाट करणं. उघडताना प्रत्येक भागावर खूण केली. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग शेलच्या, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पत्र्यांच्या, पाठीवर तर खिळ्याने १, २, ३ असे आकडे कोरले.

एका जुन्या लेथवाल्याकडे माल घेऊन गेलो. माणूस गोड बोलणारा. क्रँक हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, “पाव मिलिमीटर घासावा लागते. जुने शेल ठेवून जा, माप म्हणून.” ठेवले. मग म्हणाला, “काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? हाफ इंजिन मीच बांधून देतो. तुम्ही फक्त हेड बसवा.” क्रँक, पिस्टन, बेअरिंग सगळं तोच बसवणार, वर बोल्ट ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळल्याची हमी. मी हो म्हटलं. साडेअठरा हजार रोख दिले. हातात आली एक कच्ची चिठ्ठी: ‘क्रँक ०.२५, बेअरिंग ०.२५, बोरिंग’. जुने शेल मागितले तर भंगारात गेले म्हणाला.

क्रँक पाव मिलिमीटर बारीक केला की शेल तेवढ्या हिशेबाने जाड घालावे लागतात. दोघांच्या मधल्या फटीत तेल दाबाखाली राहतं. फट वाढली की तेल भराभर निसटतं. त्यात नागपूरचा मे, तेल पातळ झालेलं, आणि सिग्नलवर इंजिन मंद, म्हणजे पंपही मंद. दिवा तिथेच लागणार.

दुसऱ्या दिवशी अंगणात व्हॅन जॅकवर घेतली, स्टँड लावले, तेल काढलं, ऑइल चेंबर उतरवलं. मधल्या रॉडचे दोन नट सोडून कॅप खाली घेतली. शेलच्या आतल्या बाजूला राखाडी थर घासून तांब्याचा रंग दिसत होता. पालथा केला. ०.२५ असायला हवं तिथे ‘एसटीडी’ असा ठसा, म्हणजे कंपनीचं मूळ माप. आणि त्याच्या बाजूला खिळ्याने कोरलेला २. माझ्याच हातचा.

ते भंगारात गेलेले शेल माझ्याच इंजिनात फिरत होते. मायक्रोमीटर मागून आणून पिन, म्हणजे क्रँकचा शेल बसतो तो गोल भाग, मापली. आडवं माप वेगळं, उभं वेगळं, म्हणजे पिन झिजून लंबगोल झालेली. क्रँक घासलाच नव्हता, फक्त पॉलिश पेपर मारून चमकवला होता. बोरिंग मात्र खरंच केलं होतं, म्हणून धूर बंद झाला आणि मला संशय आला नाही.

शेल घेऊन दुकानात गेलो. त्याने पाहिले आणि म्हणाला, “हे माझ्याकडचेच कशावरून? बिल दाखवा.” चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी क्रमांक, ना तारीख. पक्कं बिल असतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती, जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीही लागत नाही. माझ्या हातात पुरावाच नव्हता.

तुम्ही व्हॅन उघडणार असाल तर हाफ इंजिन बांधून घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. क्रँक सुटा परत घ्या, दुकानातच प्रत्येक पिन दोन बाजूंनी, काटकोनात मापून घ्या. शेल सीलबंद खोक्यातून स्वतः काढा आणि पाठीवरचा आकडा वाचा. बसवताना प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मापायचा मऊ प्लास्टिकचा, धागा ठेवून कॅप आवळा, परत उघडा आणि चपट्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. या कामाला अर्धा तास लागतो. ब्लॉक देण्याआधी इंजिन नंबरचा फोटो काढा. तो आरसीवर असतो, ब्लॉक बदलला गेला तर आरटीओत उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

इंजिन परत उतरवलं. क्रँक दुसरीकडे माझ्यासमोर ग्राइंड करून घेतला, नवे ०.२५ चे शेल मीच बसवले. वर अकरा हजार गेले. दिवा आता लागत नाही, पण बाबा अजूनही सिग्नलला थांबले की आधी त्याच्याकडेच पाहतात.