शिक्षकदिनाचे कार्ड: भेंडीचे ठसे, दाबलेली पाने की वाळू-शिंपले?

शिक्षकदिन ५ सप्टेंबरला, म्हणजे कोकणात नेमका कपाटातला कागदही हाताला ओलसर लागतो अशा दिवसांत येतो, आणि बऱ्याच वर्षी त्याच सुमारास घरात गणपतीची गडबड असते. त्यामुळे मुलांकडून बाईंसाठी किंवा सरांसाठी आभाराचे कार्ड करून घेताना ते दिसेल किती सुंदर हे पाहण्याआधी ते या हवेत टिकेल का आणि त्यात मुलाचा स्वतःचा हात किती राहील, हे पाहावे. कागद तिन्ही प्रकारांना एकच चालतो: २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) आसपासची, मधोमध दुमडलेली ए४ कार्डशीट. झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा कागद ओला रंग लागताच लाटा धरतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी भेंडीचे ठसे मला सर्वांत योग्य वाटतात. जून भेंडी आडवी कापली की पाच-सहा पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. मात्र कापल्यावर सुटणारा चिकट रस फडक्याने नीट टिपला नाही, तर रंग घसरतो आणि फुलाऐवजी डाग उमटतो. पोस्टर कलर जाडसर ठेवावा. अर्ध्या तासात काम होते, डिंकाचा प्रश्नच येत नाही आणि ठसा वाकडा पडला तरी तो मुलाचाच असतो.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांनी दाबलेल्या पाना-फुलांचे कार्ड जरूर करावे, पण त्याची तयारी निदान दोन आठवडे आधी सुरू करावी लागते. भाद्रपदात तेरडा दारातच फुललेला असल्याने हात प्रथम तिकडे जातो, परंतु त्याच्या पाकळ्यांत पाणी फार. दाबताना त्या काळवंडतात आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण कार्डावर प्रत्यक्ष पाहायला मिळते. त्यापेक्षा जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, उगवणारे नेचे घ्यावेत. ते मुळातच पातळ आणि सपाट असतात, वर्तमानपत्राच्या घड्यांत वजनाखाली ठेवून पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलला तर हिरवेपणाही बराचसा राखतात. कागद बदलायचा राहिला की पावसाळ्यात बुरशी हमखास धरते. ज्या नेच्याच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, तो काळ्या कागदावर दाबला की पांढरी नक्षी उमटते; आम्ही लहानपणी ती हातावर उमटवत असू. बोट लागले की ती पुसते, म्हणून कार्डासाठी तिचा भरवसा धरू नये. चिकटवायला ग्लू स्टिक बरी, कारण पातळ डिंकाने कागद फुगतो आणि मैद्याच्या खळीवर मुंग्या येतात.

वाळू-शिंपल्यांचे कार्ड किनाऱ्यावरच्या मुलांना सर्वांत आवडते आणि माझा सर्वांत कमी भरवसा त्याच्यावरच आहे. समुद्राच्या वाळूतले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे वाळू गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन पूर्ण सुकवल्याशिवाय डिंक धरतच नाही. आमच्या घरी एकदा हा धुण्याचा कंटाळा केला, तर शाळेत पोहोचेपर्यंत निम्मा किनारा दप्तराच्या तळाशी आणि शिंपले डब्याच्या पिशवीत होते. हौस भागवायचीच असेल, तर एकच लहान, चपटा शिंपला लावावा.

दुकानातले फोमचे तयार आकार आणि चमकी यांचा विचार वेळ अजिबात नसेल तरच करावा.

कोणताही प्रकार निवडला तरी आतला मजकूर सजावटीच्या आधी लिहून घ्यावा. पान चिकटवल्यावर कागदाला उंचवटे येतात, अक्षर अडखळते आणि चूक झाली तर सगळी मेहनत वाया जाते. फळ्यावरचा सुविचार उतरवून देण्याऐवजी बाईंची एखादी आठवण मुलाला विचारावी. माझ्या भाचीने दुसरीत असताना लिहिले होते, ‘बाई, पाऊस होता तेव्हा तुम्ही मला तुमच्या छत्रीतून एसटीपर्यंत सोडलंत.’ त्या कार्डावर भेंडीचे तीनच ठसे होते, त्यातला एक उलटा.