चिनी पंचांग घ्यायचे तर कोणते: थुंग शिंग, फाडायचे कॅलेंडर की मोबाइलवरचे ॲप?

चिनी कालगणनेशी मराठी माणसाचा संबंध साधारणपणे दोन वाटांनी येतो. कुणी सिंगापुरात किंवा हाँगकाँगमध्ये राहत असतो आणि शेजारचे चिनी कुटुंब घर बदलण्याआधी कॅलेंडर उघडून दिवस पाहते, हे त्याच्या नजरेस पडते. कुणाचा चीनमधल्या एखाद्या कारखान्याशी व्यवहार असतो आणि एखाद्या वर्षी नववर्षाची सुट्टी जानेवारीतच का येते, हे त्याला माल मागवण्याआधी कळायला हवे असते. पहिल्याला दिवस वाचायचा आहे, दुसऱ्याला फक्त तारीख हवी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच मुखपृष्ठाखाली छापलेल्या असल्यामुळे विकत घेताना गोंधळ होतो, आणि दाते किंवा कालनिर्णय चाळायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांचा तो जरा जास्तच होतो, कारण सगळे ओळखीचे वाटते आणि बरेचसे तसे नसते.

आधी तारखेचा भाग पाहू. चिनी महिना आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच अमान्त असतो, परंतु त्याचा पहिला दिवस प्रतिपदेचा नसून अमावास्येच्या क्षणाचा दिवस असतो. सूर्य-चंद्राची युती १२० अंश पूर्व रेखांशाच्या वेळेनुसार ज्या मध्यरात्रीपासूनच्या दिवसात घडेल, तो संपूर्ण दिवस महिन्याची पहिली तारीख ठरतो. मग ती युती पहाटे झालेली असो की रात्री. २९ जानेवारी २०२५ रोजी ही युती बीजिंगच्या घड्याळात रात्री ८ वाजून ३६ मिनिटांनी झाली. त्यामुळे चीनमध्ये तो दिवस सापाच्या वर्षाचा पहिला दिवस होता, तर आपल्याकडे त्याच दिवशी मौनी अमावास्या होती आणि माघ शुद्ध प्रतिपदा दुसऱ्या दिवशी आली. पुढे तिथीप्रमाणे क्षय-वृद्धी होत नाही. दिवस एक ते एकोणतीस किंवा तीस असे सरळ मोजले जातात. म्हणून ‘चिनी पंधरावा दिवस म्हणजे पौर्णिमा’ हे समीकरण काही वेळा जुळते, पण त्यावर विसंबून आपला उपवास ठरवू नये.

अधिक मासाच्या बाबतीत तत्त्व एकच आहे, उत्तर मात्र वेगळे येते. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. चीनमध्ये ज्या महिन्यात ‘जोंगछी’ म्हणजे सूर्याचा तीस अंशांचा टप्पा पडत नाही तो अधिक. फरक इतकाच की त्यांचे अंश संपातापासून, म्हणजे सायन मोजले जातात आणि आपले निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने. या दोहोंत आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर आहे. २०२३ सालचा गुढीपाडवा २२ मार्चला होता, आणि त्याच दिवशी चीनमध्ये अधिक दुसरा महिना सुरू झाला. वसंतसंपात २१ मार्चला होऊन गेला होता, पुढचा टप्पा २० एप्रिलला यायचा होता, आणि मधला महिना या दोहोंच्या फटीत एकेका दिवसाने अडकला. आपला अधिक श्रावण त्या वर्षी १८ जुलैपासून होता. पाडव्याच्या दिवशी एकाच अमावास्येपासून निघालेले दोन समाज चार महिन्यांनी एका महिन्याचे अंतर राखून का चालत होते, याचे स्पष्टीकरण एवढ्यात येते.

हे सर्व गणित आहे, आणि ते कुणाच्या मतावर अवलंबून नाही. आजची पद्धत १६४५ मध्ये, छिंग राजवटीच्या आरंभी, जर्मन जेझुइट ॲडम शाल याच्या देखरेखीखाली आली, आणि २०१७ मध्ये चीनने तिला राष्ट्रीय मानकाचे रूप दिले. त्यामुळे तारखेपुरता निवडीचा प्रश्न सोपा आहे. हाँगकाँग वेधशाळेचा इंग्रजी आणि चिनी तारखांचा मेळ देणारा तक्ता १९०१ ते २१०० पर्यंत उपलब्ध आहे, तो फुकट आहे, आणि कारखान्याच्या सुट्टीसाठी याहून अधिक काहीही विकत घेण्याची गरज नाही.

दिवस वाचण्याचा भाग मात्र वेगळा आहे. वर घेतलेला २९ जानेवारी २०२५ हाच दिवस पुन्हा पाहावा. दहा ‘काण्ड’ आणि बारा ‘शाखा’ यांच्या जोड्यांतून बनणाऱ्या साठ दिवसांच्या चक्रात तो ‘वू-शू’, म्हणजे कुत्र्याचा दिवस होता. कुत्र्याच्या समोर बारा प्राण्यांच्या वर्तुळात ड्रॅगन येतो, म्हणून पंचांगातल्या त्या दिवसाच्या रकान्यात ‘ड्रॅगनशी संघर्ष, उत्तरेला दोष’ असा मजकूर येतो. ड्रॅगनच्या वर्षी जन्मलेल्याने महत्त्वाचे काम टाळावे, असा त्याचा रिवाजी अर्थ. त्याखाली दिवसाचा गुण सांगणाऱ्या बारा ‘दिनाधिकाऱ्यां’पैकी एकाचे नाव असते, आणि या दिवशी ते ‘शौ’, म्हणजे जमा करणे, गोळा करणे, असे होते. येथे नवख्याची हमखास फसगत होते. दिनाधिकाऱ्यांचा महिना चांद्रमासाने बदलत नाही, सौर टप्प्याने बदलतो. नववर्ष लागले असले तरी ‘लीछुन’, म्हणजे वसंतारंभ, ३ फेब्रुवारीच्या रात्री १० वाजून १० मिनिटांनी व्हायचा होता. तोपर्यंत दिनाधिकाऱ्यांच्या लेखी बैलाचाच महिना चालू होता. ३ फेब्रुवारीला महिना बदलला आणि आदल्या दिवशीचाच ‘छू’ हा अधिकारी पुन्हा आला, कारण टप्प्याच्या दिवशी एक नाव दोनदा मोजण्याचा नियमच आहे. ज्या छापील किंवा डिजिटल साधनात हे दुहेरीपण दिसत नाही, ते साधन बाजूला ठेवावे.

रकान्याचा शेवट ‘यी’ आणि ‘जी’ या दोन याद्यांनी होतो: करण्यास योग्य आणि टाळावे असे. लग्न, भूमिपूजनासारखे खोदकाम, गृहप्रवेश, दुकान उघडणे, पलंग मांडणे, प्रवास, केस कापणे, अंत्यविधी, अशा ठरीव संज्ञा असतात, आणि काही दिवशी ‘कोणतेही काम योग्य नाही’ एवढेच लिहिलेले असते. आणखी एक सापळा नक्षत्रांचा आहे. रकान्यात अठ्ठावीस नक्षत्रांपैकी एक नाव असते, ते पाहून आपण चंद्र तेथे आहे असे समजतो. प्रत्यक्षात ते केवळ फिरते चक्र आहे. अठ्ठावीस हा साताच्या पटीतला आकडा असल्यामुळे एक नक्षत्र कायम एकाच वाराला येते, आणि रविवारी चारच नक्षत्रे आलटून पालटून दिसतात.

आता साधनांकडे वळू. हाँगकाँगचे थुंग शिंग हे लाल मुखपृष्ठाचे, भिंतीला अडकवण्यासाठी दोऱ्याचा फास असलेले जाडजूड पुस्तक आहे. त्याचे मूळ नाव ‘थुंग श्यू’, सर्वांगीण पुस्तक. परंतु कँटोनीज उच्चारात ‘पुस्तक’ आणि ‘हरणे’ एकसारखे ऐकू येतात, म्हणून ‘श्यू’च्या जागी ‘शिंग’, म्हणजे जिंकणे, आले. सुरुवातीच्या पानांत वसंतबैलाचे चित्र असते. बैलाचे रंग आणि गुराख्याचा पोशाख वर्षाच्या चिन्हांवरून ठरतो, आणि गुराखी अनवाणी असेल तर पाऊस भरपूर, पायांत जोडे असतील तर कोरडे वर्ष, असे त्यावरून वाचले जाते. दैनिक रकाने उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे छापलेले असतात. त्यांच्याखेरीज स्वप्नांचे अर्थ, तावीज, जन्मवेळेची ‘हाडे तोलून’ भविष्य सांगणारा तक्ता, आणि जुन्या प्रतींत तर इंग्रजी शब्दांचे कँटोनीज उच्चारही असतात. मला स्वतःला हे पुस्तक फार आवडते, तरीही पारंपरिक चिनी अक्षरे न वाचणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. बैलाचे चित्र पाहून झाले की ते कपाटात जाते. ज्याला खरोखर अभ्यास करायचा आहे, दहा काण्ड, बारा शाखा आणि बारा दिनाधिकारी पाठ करायची तयारी आहे, त्याच्यासाठी मात्र दुसरा पर्याय शोधण्याचे कारण नाही.

तैवानमधले ‘नुंगमिन ली’, शेतकऱ्यांचे पंचांग, याच कुळातले पण पातळ असते, आणि देवळे व शेतकरी संघ ते फुकट वाटतात. त्याच्या मागच्या पानावर कोणते पदार्थ एकत्र खाऊ नयेत याचे रंगीत चित्रमय कोष्टक असते, ते करमणूक म्हणून पाहावे. तैवानला जाणे होणार असेल तर एक प्रत आणावी. मुद्दाम मागवण्यात अर्थ नाही.

फाडायचे रोजचे कॅलेंडर सिंगापूर आणि मलेशियात घरोघरी, दुकानोदुकानी असते. एका पानावर मोठा इंग्रजी आकडा, खाली चिनी तारीख, दिवसाचे चिन्ह, संघर्षाचा प्राणी, यी आणि जी, आणि बहुधा बारा दुहेरी तासांपैकी शुभ तास. मलेशियात तर ‘घोड्याचे कॅलेंडर’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार लोकप्रिय आहे, कारण त्यात शर्यतीच्या दिवशी घोडा छापलेला असतो. एका वेळी एकच पान समोर असल्यामुळे शिकणे आपोआप होते, हा याचा मोठा गुण. पुढच्या महिन्यातला दिवस शोधायचा असेल तर गठ्ठा उलगडत बसावे लागते, ही अडचण. त्या समाजात राहणाऱ्या आणि शेजाऱ्याशी बोलताना संदर्भ कळावा एवढीच इच्छा असणाऱ्या माणसाने हेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲप सर्वांत सोयीचे आहे आणि सर्वांत कमी पारखले जाते. दोन ॲपमध्ये तारीख सहसा सारखीच असते, पण यी-जीच्या याद्या जुळत नाहीत, आणि त्यात कुणी चूक केली असेलच असे नाही. दिवस निवडण्याचे नियम अनेक थरांचे आहेत. छियनलुंग बादशहाच्या आज्ञेने १७४१ मध्ये पूर्ण झालेल्या राजसंहितेने त्यांची छाननी केली, तरी प्रादेशिक घराण्यांचे नियम त्यानंतरही चालत राहिले. कोण कुठल्या परंपरेचा आधार घेतो हे छापील पुस्तकात प्रकाशकाच्या घराण्यावरून कळते, ॲपमध्ये क्वचितच. शिवाय रात्री ११ ते १ हा उंदराचा तास दोन दिवसांच्या सीमेवर असतो: चिनी तारीख मध्यरात्री बदलते, पण काही परंपरांत दिवसाचे चिन्ह ११ वाजताच बदलते. याची निवड सेटिंगमध्ये देणारे ॲप अधिक काळजीपूर्वक बनवलेले आहे, असे समजायला हरकत नाही.

स्थळही तपासावे. व्हिएतनामचे पंचांग एक तास मागच्या वेळेवर चालते, त्यामुळे २००७ मध्ये तेथील नववर्ष ‘तेत’ १७ फेब्रुवारीला आणि चिनी नववर्ष १८ला झाले. १९८५ मध्ये तर दोहोंत जवळजवळ एक महिन्याचे अंतर पडले. चिनी जगातही हे घडले आहे. ३ सप्टेंबर १९७८ ची युती प्रमाणवेळेने मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी झाली, पण बीजिंगची जुनी स्थानिक वेळ सुमारे चौदा मिनिटे मागे असल्यामुळे त्या वेळेवर चालणाऱ्या थुंग शिंगने ती आदल्या दिवशी धरली, आणि हाँगकाँगमध्ये अनेकांनी आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येणारा चिनी शरद पौर्णिमेचा सण १६ सप्टेंबरला, चीनच्या एक दिवस आधी, साजरा केला.

ॲप किंवा दीर्घ मुदतीचा तक्ता निवडताना आणखी एक कसोटी सहज लावता येते. त्यात २०३३ साल उघडावे. त्या वर्षी ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या महिन्यात जोंगछी नाही, म्हणून जुन्या तक्त्यांनी तेथे अधिक सातवा महिना छापला होता. परंतु त्याआधीच्या आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमधल्या दक्षिणायनान्तांमध्ये महिने बाराच भरत असल्यामुळे तेथे अधिक मास बसत नाही. तो २२ डिसेंबर २०३३ रोजी, अधिक अकरावा म्हणून, सुरू व्हायला हवा आणि शरद पौर्णिमेचा सण ८ सप्टेंबरला दिसायला हवा. तो ७ ऑक्टोबरला दिसला, तर ॲप काढून टाकावे.